चार नंबरचे दिवे

सोमवारी सकाळी सव्वासातला आवारात अकरा बस होत्या. अकराही राखाडी. हेडलाइट बावीस, त्यांतले वीस चालू स्थितीत. फाटकाशेजारच्या खोलीबाहेर एक काळा फळा, फळ्यावर अकरा ओळी आणि त्या ओळींपुढे मिळून सात लाल फुल्या. पाच गाड्यांपुढे एकेक फुली होती आणि चार नंबरच्या गाडीपुढे दोन. फाटकापाशी उभं राहिल्यावर मला अकरापैकी सहाच गाड्या दिसत होत्या. बाकीच्या पाच मी जवळ जाऊन मोजल्या, कारण धुकं होतं.

चार नंबरची गाडी माझी मावशी चालवते. एकोणीस वर्षं ती कारखान्याच्या कामगारांना वस्तीतून कारखान्यात आणि कारखान्यातून वस्तीत पोचवते आहे. पदवी मिळाल्यापासून, म्हणजे गेले सात महिने, मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते आणि मावशीकडेच राहते. तिच्या मागच्या पहिल्या सीटवर बसते. तिथून तिला जे दिसतं ते सगळं मलाही दिसतं.

फळ्यावरच्या फुल्यांमागे एक हुकूम होता. सूर्योदयानंतर हेडलाइट लावून गाडी चालवली तर एक लाल फुली. तीन फुल्या झाल्या की चालकाला गाडीवरून उतरवून धुलाईवर पाठवायचं. धुलाईवर म्हणजे दिवसभर नळी हातात घेऊन दुसऱ्यांच्या गाड्या धुवायच्या.

हुकूम सात वर्षांपूर्वीचा. त्या हिवाळ्यात एकाच आठवड्यात चार गाड्यांच्या बॅटऱ्या उतरल्या होत्या. धुक्यातून आलेल्या चालकांनी गाड्या उभ्या केल्या, बाहेर चांगला उजेड होता, त्यामुळे दिवे चालू राहिलेत हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. दुसऱ्या पाळीचे दोनशे कामगार रस्त्यावर ताटकळले. वाहन विभागाच्या साहेबांना वरून चांगलंच झापण्यात आलं आणि साहेबांनी दिवसा दिवे लावायलाच बंदी घातली. तेव्हापासून त्यांच्या पाठीमागे त्यांना सगळे बॅटरीसाहेब म्हणतात. दुखणं बॅटरीचं आणि पट्टी बांधली डोळ्यांना, असं मावशी म्हणते. तेही सहसा पाठीमागे म्हणत नाही.

त्या सोमवारी गाडी फाटकाशी आली तेव्हा फाटकवाले काका खिडकीखाली येऊन उभे राहिले.

"ताई, दिवे."

"लागलेत की."

"लागलेत म्हणूनच म्हणतोय. बाहेर गेल्यावर लाव ना. तिथलं मला काय दिसतंय?"

"काका, तुम्हाला इथलंही काही दिसत नाहीये. मघाशी सात नंबरला तुम्ही पाच म्हणून हाक मारलीत."

"थट्टा नको. दोन झाल्यात तुझ्या."

"मग तिसरी काढा. पण चोरून लावायला सांगू नका. दिवा ही काय चोरून लावायची गोष्ट आहे?"

काकांनी खिसे चाचपले. एका खिशात लाल खडू होता. त्याचं टोक मला दिसत होतं. "खडू सापडत नाहीये," ते म्हणाले आणि त्यांनी फाटक उघडलं.

बाकीच्या चालकांनी यावर एक तोड काढली होती. फुली फक्त हेडलाइटला पडते, त्यामुळे धुकं पडलं की ते चारही इंडिकेटर एकदम चालू करायचे. गाडी बिघडून उभी राहिली की जे बटण दाबतात तेच. काहीच नसण्यापेक्षा हे बरं, असं त्यांचं म्हणणं. ही युक्ती सात नंबरच्या चालकाची. त्यावरून त्यांचं नाव लुकलुकेबुवा पडलं होतं आणि त्यांना ते आवडतही होतं.

कारखान्याच्या वाटेवर मोठा तलाव आहे. त्याच्या बांधावरून सव्वादोन किलोमीटर सरळ रस्ता जातो आणि धुकं सगळ्यात दाट तिथेच असतं. बांधावर आमच्या पुढे सात नंबर होती, चारही दिवे लुकलुकत. अर्ध्या वाटेवर ती मंद झाली, कडेला सरली, जवळपास थांबलीच. चारही इंडिकेटर चालू ठेवून कडेला उभी असलेली गाडी म्हणजे बिघडलेली गाडी, असंच कुणीही धरून चालेल. मावशीने हॉर्न दिला आणि तिला वळसा घालायला आमची गाडी बाहेर काढली. त्याच क्षणी सात नंबर पंपघराच्या रस्त्याकडे आडवी वळली.

मावशी ब्रेकवर उभी राहिली. माझं कपाळ पुढच्या दांडीवर आपटलं. मागून डबे, छत्र्या आणि एक बूट पुढे घरंगळत आला.

गाड्या एकमेकींना लागल्या नाहीत. मी खाली उतरून पिशवीतली स्टीलची टेप लावली. अंतर चौसष्ट सेंटिमीटर भरलं.

लुकलुकेबुवा धावत आले. "अहो बाई, वळायचा दिवा दिला होता ना मी!"

"कुठला?" मावशीने विचारलं. "चारही तर नाचत होते."

"त्यातलाच एक वळायचा होता."

मावशीने त्यांच्याकडे इतका वेळ पाहिलं की ते स्वतःहून म्हणाले, "हो, तेही खरंच म्हणा."

दुपारी साहेबांनी आम्हाला बोलावलं, मावशीला जाब द्यायला आणि मला साक्षीला. त्यांच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून एक मेलेली बॅटरी लावून उघडं ठेवलेलं असतं. टेबलावर काच आणि काचेखाली इतके हुकूम की मूळ लाकूड कुठेच दिसत नव्हतं.

"बसा," साहेब म्हणाले. मावशी उभीच राहिली, म्हणून मीही उभी राहिले.

त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. मी उलट्या बाजूने वाचला. *स्वतःच्या हेडलाइटचा उजेड धुक्यावर पडल्यामुळे मला समोरचे वाहन नीट दिसू शकले नाही. चूक मान्य आहे.*

"सही करा. पंधरा दिवस धुलाईवर, मग गाडी परत तुमची," ते म्हणाले. "सही केली नाहीत तर चार नंबर कायमची दुसऱ्याला. मला वर अहवाल द्यायचा आहे, बाई. काहीतरी कारण तर लिहावंच लागेल."

"कारण आहे ना. सात नंबरचे चारही इंडिकेटर चालू होते. ती वळतेय की बंद पडलीय ते कळायला मार्ग नव्हता. आणि इंडिकेटर का चालू होते, तर हेडलाइट लावायला तुमची बंदी."

"म्हणजे चूक माझी?"

"मी नाही म्हटलं. तुम्ही म्हटलंत."

साहेबांनी चष्मा काढला. "मला एवढंच सांगा. दिवसाउजेडी, धुक्यात, दिवे लावून तुम्हाला जास्त काय दिसतं?"

"काही नाही."

"ऐकलंस?" साहेब माझ्याकडे वळले. "काही नाही म्हणतायत. मग दिवसा मशाली कशाला पेटवायच्या?"

"मला दिसावं म्हणून मी लावतच नाही," मावशी म्हणाली. "मी तुम्हाला दिसावी म्हणून लावते. तुम्ही रोज त्याच वेळी बांधावरून समोरून येता. पांढरी गाडी, दिवे बंद. तुम्ही अंगावर येईपर्यंत मला दिसत नाही. मी तरी तुम्हाला दिसावी की नको?"

"मला रोज दिसता तुम्ही."

"कारण मी रोज लावते. दोनदाच सापडले, एवढंच."

मला बोलायचं नव्हतं. माझी नोकरी पक्की व्हायला अजून पाच महिने होते आणि साहेब माझ्या साहेबांबरोबर जेवायला बसतात. पण मावशीला दिसतं की नाही आणि मावशी दिसते की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा सुटला असं कुणी धरलं तर मला गप्प बसवत नाही.

"हे मोजता येईल, साहेब," मी म्हटलं.

"काय मोजता येईल?"

"दिवे बंद असताना गाडी किती लांबून दिसते आणि चालू असताना किती लांबून. बांधाच्या कठड्याला दर पाच मीटरवर खांब आहे. पुढच्या धुक्याला अर्धा तास पुरेल."

"आणि पाहणार कोण? तू? भाचीचा दाखला मावशीला?"

"तुम्ही पाहा."

हे त्यांना अपेक्षित नव्हतं. पण नाही म्हणायलाही जागा नव्हती. "ठीक आहे," ते म्हणाले. "फरक निघाला नाही तर बाईंनी मुकाट्याने सही करायची."

"आणि निघाला तर?" मावशीने विचारलं.

"तर बघू."

"बघू नाही. फरक निघाला तर हुकूम रद्द. फळ्यावरच्या फुल्या तुमच्या हाताने पुसायच्या. माझ्याच नाही, सगळ्यांच्या." तिने कागद उलटा करून काचेवर ठेवला. "आणि आत्ताच सांगून ठेवते, फरक नाही निघाला तरी मी सही करणार नाही. न केलेल्या चुकीखाली माझं नाव लागणार नाही. गाडीची किल्ली हवी तर खुशाल घ्या."

"मग मोजायचं कशाला?"

"माझ्यासाठी नाही मोजायचं. तुमच्यासाठी मोजायचं आहे."

बाहेर आल्यावर मला वाटलं ती आता खचेल. ती म्हणाली, "भूक लागलीय. आणि शास्त्रज्ञबाई, तुझ्या त्या मोजण्यात माझी फजिती करू नकोस."

त्या संध्याकाळी जेवणाआधी आम्ही स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद पसरला. किती मीटरचा फरक पडला म्हणजे तो खरोखर कामाचा, हे मला आधी ठरवायचं होतं. आकडा हाती आल्यावर तो कामाचा आहे की नाही हे ठरवणं म्हणजे बाण मारून मग त्याभोवती वर्तुळ काढणं. आमची गाडी बांधावर ताशी पंचेचाळीसने जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, रस्ता ओला धरला, तर गाडी थांबायला साधारण चाळीस मीटर लागतात. समोरूनही तशीच गाडी येत असेल तर तिचे चाळीस. दोन्ही मिळून ऐंशी.

"म्हणजे ऐंशी मीटरच्या आत दिसले तर?" मावशीने विचारलं.

"तर दोघांनीही जोरात ब्रेक लावूनही उपयोग नाही."

तिने ऐंशीच्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि ती भाताकडे वळली.

मंगळवारी आणि बुधवारी पातळ धुकं होतं. त्यात आम्ही सराव केला, फाटकवाल्या काकांना पाहायला उभं करून. पहिल्याच फेरीला त्यांनी गाडी दिसण्याच्या बरीच आधी शिट्टी वाजवली.

"दिसली?" मी विचारलं.

"दिसली नाही, पण आली ना! आवाज येतोय की."

म्हणून मी कारखान्याच्या यंत्रशाळेतून कान झाकायचे मफ आणले. मग दुसरी चूक लक्षात आली. दिवे चालू असलेली फेरी कुठली हे काकांना आधीच माहीत होतं आणि ते मावशीच्या बाजूचे असल्यामुळे त्या फेरीला त्यांची शिट्टी जरा घाईने वाजत होती. तेव्हा क्रम मावशीने लांब जाऊन नाणं उडवून ठरवायचा, पाहणाऱ्याला सांगायचा नाही, असं ठरलं.

तिसरी चूक माझीच. जास्त उजेड म्हणजे जास्त चांगलं असं समजून मी मावशीला वरचा झोत लावायला सांगितलं. शंभर मीटर जाऊन ती परत आली. "समोर पांढरी भिंत उभी राहिली, भिंत. तू पुस्तकं वाचलीस, मी धुकं वाचलंय. धुक्यात झोत खालीच ठेवायचा." मी ते वहीत लिहून घेतलं.

बुधवारी दुपारी तिने दोन्ही दिव्यांच्या काचा ओल्या वर्तमानपत्राने पुसल्या. कागद काळा झाला. "मला एकोणीस वर्षं वाटत होतं की मी दिवे लावून चालते," ती म्हणाली. "अर्धे तर धुळीलाच दाखवत होते."

गुरुवारी धुकं दाट पडलं. पहिली पाळी पोचवून गाड्या परतल्यावर, पावणेनऊला, काकांनी बांधाची दोन्ही तोंडं बंद केली. साहेब आले. येताना त्यांच्या गाडीचे दिवे बंद होते. ते माझ्या लक्षात आलं आणि माझ्या लक्षात आलंय हे त्यांच्याही लक्षात आलं.

लुकलुकेबुवाही आले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "बघायला काय जातंय?" ते म्हणाले.

मी साहेबांना पहिल्या खांबाजवळ उभं केलं. कानांवर मफ चढवले, गळ्यात शिट्टी अडकवली आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं: *गाडी आहे अशी खात्री पटली की शिट्टी. आधी नाही, नंतर नाही.* मावशीने बांधावर तीनशे मीटर लांबून चालण्याच्या वेगाने यायचं, शिट्टी ऐकली की जागच्या जागी थांबायचं. मग मी गाडीपासून साहेबांपर्यंत खांब मोजत चालत यायचं. एवढंच.

पहिली फेरी. साहेब डोळ्यांत तेल घालून पाहत होते. समोर काही नव्हतं, फक्त करडा कापूस. मग त्या करड्यात एक जरा जास्त करडा चौकोन आला, तो गाडी आहे की धुक्याचाच पुंजका ते कळेना, आणि मग तो एकदम गाडी झाला. शिट्टी वाजली. गाडी इतकी जवळ आली होती की साहेब नकळत एक पाऊल मागे सरले. मी चालत जाऊन आले, वहीत आकडा लिहिला. त्यांना दाखवला नाही.

दुसरी फेरी. या खेपेला गाडी आलीच नाही. करड्या कापसात दोन फिकट पिवळे ठिपके आले, शेजारी शेजारी, स्थिर. साहेबांनी शिट्टी तोंडाला लावली आणि वाजवली नाही. मफ काढले, चष्मा काढला, तो रुमालाने पुसून परत लावला. ठिपके मोठे होत होते. मग त्यांनी शिट्टी वाजवली. मी त्यांच्याकडे पाहत होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

"उशीर केला मी," ते म्हणाले. "ठिपके आधीच दिसले होते. गाडी दिसायची वाट पाहत राहिलो."

"मग ही फेरी बाद करू?"

"बाद कर. खरं ते लिही."

बाद फेरी मी वहीत बाद म्हणूनच लिहिली. मला साहेबांबद्दल आधी जेवढा राग होता तेवढा नंतर ठेवता आला नाही, हेही खरं तर नोंदवायला हवं होतं.

तिसरी झाली, चौथी झाली. चौथीनंतर लुकलुकेबुवा म्हणाले, "एकदा माझ्या पद्धतीने पण बघा की. चारही इंडिकेटर."

"गाडी वळणार आहे का तेही सांगायचं त्यात?" काकांनी विचारलं.

"अजून एक घे," साहेब मला म्हणाले. पाचवी झाली. मी गाडीकडे गेले तेव्हा मावशीने खिडकीतून मान बाहेर काढली.

"किती फेऱ्या मारायच्या अजून? त्यांना हवा तो आकडा येईपर्यंत?"

"ही शेवटची."

"येऊ दे काय यायचंय ते. उद्या सकाळी धुकं असलं तर माझे दिवे लागलेले असतील. फळ्यावर फुली काढा, नाहीतर माझं चित्र काढा." तिने खिडकीची काच वर केली, पण किल्ली काढून डॅशबोर्डवर ठेवली, कुणालाही सहज हात घालून घेता येईल अशी.

मी खांब मोजत परत आले. काका कठड्याला टेकून उभे होते. बुवा त्यांच्या शेजारी होते. साहेबांनी मफ काढून हातात धरले होते, कानांच्या कडा लाल झाल्या होत्या.

"वाच," ते म्हणाले. "सगळ्यांना ऐकू जाईल असं वाच."

मी वही उघडली.

दिवे बंद, फेऱ्या दोन: पंचावन्न मीटर, साठ मीटर. दिवे चालू, झोत खाली, फेऱ्या दोन, शिवाय एक बाद: एकशे वीस मीटर, एकशे पंचवीस मीटर. मावशीने गोल केलेला थांबायचा ऐंशीचा आकडा या दोन ओळींच्या बरोबर मधे पडत होता.